निकुंभ सर उइटहॉर्नला आले असते तर

उइटहॉर्न हे नाव देवनागरीत कसं लिहायचं, यावर आमच्या मित्रमंडळींत एकमत नाही. कुणी आउटहोर्न लिहितं, कुणी अइटहॉर्न. डचमधला तो सुरुवातीचा स्वर मराठीत नाहीच, त्यामुळे सगळेच थोडे चुकतात आणि कुणालाच त्याची लाज वाटत नाही. पंचवीस नंबरची ट्राम २०२४च्या जुलैपासून आम्स्टेलव्हेनच्या पुढे थेट या गावापर्यंत येते, आणि ट्राममध्ये पाटी वाचून नाव चुकीचं उच्चारणारे आपल्यासारखे बरेच असतात. मोठ्यांना ही मुभा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला वर्गात ती नसते.

मागच्या भागात आपण वाचनाच्या अडचणींबद्दल बोललो, तेव्हा एक गोष्ट वेळेअभावी राहून गेली. ती 'तारे ज़मीन पर'बद्दलची. भाग संपल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच लिहिलं होतं: "डिस्लेक्सिया म्हणजे काय ते आम्हाला त्या सिनेमामुळेच कळलं." मलाही तसंच कळलं होतं. म्हणूनच त्या सिनेमाशी थोडं भांडायचं आहे.

निमित्त असं झालं. उइटहॉर्नला राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या मुलाला या वर्षी डिस्लेक्सियाचं निदान झालं. तो ग्रुप पाचमध्ये आहे, म्हणजे आपल्याकडची साधारण तिसरी. त्याची आजी सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. "पोरगं हुशार आहे, मग वाचत का नाही?" हा तिचा प्रश्न रोज जेवताना निघायचा. शेवटी मैत्रिणीनं ठरवलं, आजीला सिनेमाच दाखवू. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे बसलो. आजी दोनदा रडली. सिनेमा संपल्यावर मुलगा म्हणाला, "पण माझी अक्षरं नाचत नाहीत. ती नुसती बसून राहतात."

घरी परत येताना ट्राममध्ये माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत होतं.

सिनेमानं काय दिलं

आधी जे देणं लागतो ते देऊ. 'तारे ज़मीन पर' २१ डिसेंबर २००७ला आला. लेखन अमोल गुप्ते यांचं, दिग्दर्शन आमिर खानचं. तेव्हा देशात अपंगत्वाचा जो कायदा होता, १९९५चा, त्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. तो आला २०१६च्या कायद्यात, जेव्हा अपंगत्वाचे मान्य प्रकार सातावरून एकवीस झाले. म्हणजे कायद्याच्या नऊ वर्षं आधी एका सिनेमानं घराघरांत सांगितलं, की हे पोर आळशी नाही, उद्धट नाही आणि 'ढ'ही नाही. आपल्याकडच्या किती मुलांच्या पाठीवरचे धपाटे त्यामुळे वाचले असतील, ते मोजता येणार नाही.

हेही स्पष्ट करून ठेवू, की डिस्लेक्सिया म्हणजे बौद्धिक अक्षमता नव्हे. २०२५च्या 'सितारे ज़मीन पर'मधला बास्केटबॉलचा संघ बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा आहे. नावं जुळी असल्यामुळे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन्हींची सरमिसळ होते. त्या सिनेमातल्या माणसांच्या गरजा वेगळ्या, सेवा वेगळ्या. इथे बोलतोय ते फक्त वाचन-लेखनाच्या अडचणीबद्दल, ज्याला मुंबईत सरसकट "एलडी" म्हणतात.

नाचणारी अक्षरं

सिनेमातलं सगळ्यात लक्षात राहिलेलं चित्र म्हणजे ईशानच्या पुस्तकातली अक्षरं हलायला लागतात, पानावरून पळतात. पुढे निकुंभ सर त्याच्या वह्या आईवडिलांसमोर ठेवतात आणि उलटी लिहिलेली अक्षरं दाखवतात. प्रेक्षकाला पटतं: अच्छा, याला अक्षरं उलटी दिसतात!

पडद्यावर हे दाखवणं सोपं आहे, म्हणून ते दाखवलं. पण गेल्या चार-पाच दशकांतलं बहुतेक संशोधन वेगळी गोष्ट सांगतं. अडचण मुख्यतः डोळ्यांत नसते, ती ध्वनींच्या हिशेबात असते. बोललेल्या शब्दाचे बारीक आवाज सुटे करणं, ते अक्षराशी जोडणं, आणि ती जोडणी इतकी घोटणं की ती विचार न करता व्हावी, या साखळीत कुठेतरी अडतं. ब आणि द यांची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करणं हे वाचायला शिकणाऱ्या जवळजवळ सगळ्याच मुलांकडून होतं. डिस्लेक्सिया असलेल्यांकडून ते जास्त काळ होतं, एवढंच.

शिवाय अडचण कशी दिसेल, हे लिपीवर अवलंबून असतं. सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये युरोपातल्या तेरा भाषांमधल्या पहिलीच्या मुलांचं वाचन तपासलं. इंग्रजीतली मुलं ओळखीचे शब्द जेमतेम एक तृतीयांश बरोबर वाचत होती. बहुतेक इतर भाषांतली, डचसुद्धा, ९० टक्क्यांच्या वर. कारण इंग्रजी स्पेलिंगवर भरवसा ठेवता येत नाही आणि डचवर बऱ्यापैकी ठेवता येतो. त्यामुळे डच किंवा जर्मनमध्ये डिस्लेक्सिया असलेलं मूल चुकतं कमी, पण वाचतं फार हळू. ईशान इंग्रजी वह्यांमधला मुलगा आहे. उइटहॉर्नमधल्या आईबापांनी त्याच्यासारख्या खुणा शोधल्या तर त्या सापडणारच नाहीत. आमच्या या मुलाच्या वहीत एकही अक्षर उलटं नाही. तो एक ओळ वाचेपर्यंत शेजारचा पान उलटतो. "ती नुसती बसून राहतात," हे त्यानं त्याच्या डिस्लेक्सियाचं अगदी नेमकं वर्णन केलं होतं.

मराठीत तर हे चित्र आणखी बदलतं. देवनागरीत आरशातल्यासारख्या जोड्या जवळपास नाहीत. आपल्याकडे मुलं अडखळतात ती घ-ध, भ-म, थ-य अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांशी, 'ख'चं 'रव' होतं तिथे, जोडाक्षरांत, आणि पहिल्या वेलांटीशी. ही वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. वहीत उलटी अक्षरं शोधणाऱ्या मराठी शाळेतल्या बाईंना यातलं काहीच दिसणार नाही.

अक्षरांना वजन देणारा फॉन्ट

गंमत अशी, की सिनेमातली ही कल्पना नेदरलँड्समध्ये जवळपास त्याच सुमारास एका वस्तूच्या रूपात जन्माला आली. क्रिस्टियान बूर हा डच डिझायनर, स्वतः डिस्लेक्सिया असलेला. त्यानं २००८मध्ये उट्रेख्तच्या कला महाविद्यालयात पदवीसाठी 'डिस्लेक्सी' नावाचा फॉन्ट केला. अक्षरांचा तळ जाड, म्हणजे ती उलटणार नाहीत. सारख्या अक्षरांची वळणं वेगवेगळी, म्हणजे गोंधळ होणार नाही. कल्पना सुंदर आणि हेतू प्रामाणिक. जगभर बातम्या झाल्या.

मग तपासणी झाली. २०१६मध्ये मारिनुस आणि सहकाऱ्यांना आढळलं, की या फॉन्टमध्ये मुलं थोडं भरभर वाचतात खरी, पण साध्या एरियलमध्ये अक्षरांतलं आणि शब्दांतलं अंतर तेवढंच वाढवलं की तो फायदा उरत नाही. म्हणजे काम अंतरानं केलं होतं, जाड तळानं नव्हे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच मुलांवरच्या अभ्यासात तर डिस्लेक्सिया असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मुलांना या फॉन्टचा वेगात किंवा अचूकतेत काही उपयोग दिसला नाही.

यावरून बूरची थट्टा करायचं कारण नाही. एखाद्या मुलाला त्या फॉन्टमध्ये बरं वाटत असेल तर वापरावा, त्यानं नुकसान काही होत नाही. पण अक्षरं नाचतात असं एकदा मानलं, की उपाय म्हणून अक्षरांना खिळे ठोकावेसे वाटतात. निदानाचं चित्रच चुकलं की उपकरणही चुकतं.

निकुंभ सर, एकटे

सिनेमाचं दुसरं चित्र म्हणजे उपचाराचं. निकुंभ सर रेतीत अक्षरं गिरवून घेतात, मातीची अक्षरं करतात, बेरीज-वजाबाकी जिन्याच्या पायऱ्यांवर शिकवतात. मुख्याध्यापकांना विनवतात, की याची उत्तरं तोंडी चालवून घ्या. हे सगळं काही मिनिटांत, गाण्याच्या तालावर. आणि गाणं संपतं तेव्हा ईशानला वाचता येत असतं.

प्रत्यक्षात त्या गाण्याची लांबी वर्षभराहून जास्त असते. उइटहॉर्नमधला हा मुलगा आठवड्यातून एकदा उपचाराला जातो, आणि घरी जवळजवळ रोज पंधरा मिनिटं सराव असतो. आवाज आणि अक्षर यांची जोडी, शब्दाचे तुकडे, मग नियम, मग तेच पुन्हा. दर काही आठवड्यांनी मोजमाप. मी एकदा शेजारी बसून पाहिलं आणि खरं सांगायचं तर कंटाळले. बघणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल इतका ठरीव क्रम हाच त्या उपचाराचा गाभा आहे.

सिनेमा मात्र सांगतो, की लागतं ते मोठं मन. निकुंभ चित्रकलेचे शिक्षक आहेत. त्यांची पात्रता म्हणजे ते स्वतः या अडचणीतून गेलेत आणि मुलांवर त्यांचं प्रेम आहे. त्यांना पगारी तज्ज्ञ लागत नाही, चाचणी लागत नाही, सरकार लागत नाही. ईशानचं नशीब, की त्याच्या शाळेत हे सर आले. न आले असते तर? सिनेमा हा प्रश्न विचारत नाही, आणि माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. एका भल्या माणसाची वाट बघायला त्यानं आपल्याला शिकवलं.

नेदरलँड्सची तऱ्हा नेमकी उलटी. इथे निकुंभांची वाट बघत नाहीत, मोजमापाची बघतात. तीव्र डिस्लेक्सियाचं निदान आणि उपचार २००९पासून मूळ आरोग्यविम्यात आले. २०१५पासून ती जबाबदारी नगरपालिकेची, इथे म्हणतात तशी 'खेमेंटे'ची. साधारण सात ते बारा वर्षांच्या, प्राथमिक शाळेतल्या मुलांना हे मोफत मिळतं. पण त्याआधी शाळेला दाखवावं लागतं, की मूल लागोपाठ तीन मोजमापांत वाचनात सर्वांत खालच्या १० टक्क्यांत आहे, आणि जादा शिकवूनही फरक पडलेला नाही. शुद्धलेखन फारच कच्चं असेल तर वाचनाची अट थोडी सैल होते. मोजमापं वर्षातून दोनदा, त्यामुळे यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

या थांबण्यामागे कारण आहे. बरीच मुलं जादा मदत मिळाल्यावर सावरतात, त्यांच्यावर शिक्का बसू नये. आणि तरीही मला ही पद्धत सिनेमाच्या पद्धतीपेक्षा बरी वाटते. फॉर्म भरला की सेवा मिळते, त्यासाठी नशीब लागत नाही. पण वाट बघण्याच्या त्या वर्षभरात घरात काय होतं, ते कुठल्याही तक्त्यात येत नाही.

मदत सुरू होते ती मराठी सोडण्यापासून

मैत्रिणीच्या घरी झालं ते असं. दुसऱ्या मोजमापानंतर शाळेतल्या बाईंनी प्रेमानं सुचवलं, की घरी सहा महिने फक्त डच बोलून बघा, मुलाच्या डोक्यावरचा भार कमी होईल. आईबापांचं डच जेमतेम. तरी त्यांनी केलं. रविवारची मराठी शाळा बंद झाली. आजीशी व्हिडिओ कॉल आठवड्यावरून महिन्यावर गेला. वाचनात काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही आणि एक भाषा काढून घेतल्यानं तो जातही नाही. फरक पडला तो जेवणाच्या टेबलावर. आईबाप मोडक्या डचमध्ये मोजकंच बोलायला लागले, आणि पोरगं गप्प झालं.

हा काही डच लोकांचाच दोष आहे असं समजू नका. महाराष्ट्रानं १९९६मध्येच अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. देशात हे पहिल्यांदा करणाऱ्यांत आपण होतो आणि त्याचा अभिमान वाटावा. जादा वेळ, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. आणि त्याच यादीत एक सवलत दुसऱ्या भाषेतून सूट मिळण्याची. मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलासाठी ही दुसरी भाषा म्हणजे हिंदी किंवा मराठी. सूट मिळाल्यावर तो विषय गेला आणि त्या जागी कार्यानुभव आला. अनेक मुलं या सवलतीच्या बळावर दहावी पार पडली, आणि ती नको होती असं मी म्हणणार नाही. पण बारकाईनं बघा. इंग्रजीची लिपी सगळ्यात बेभरवशाची, आणि सोडायला सांगितली ती बऱ्यापैकी भरवशाची लिपी. मुंबईत काय आणि उइटहॉर्नमध्ये काय, ओझं हलकं करताना गाठोड्यातून पहिली बाहेर निघते ती मराठी.

सिनेमातही तेच आहे. निकुंभ हे आडनाव आपल्याकडचं, ईशानचं घर मुंबईत. पण ज्या अक्षरांशी त्याची लढाई आहे ती जवळपास सगळी इंग्रजी. हिंदीच्या तासाला कवितेचा अर्थ विचारतात तेव्हा ईशान स्वतःच्या शब्दांत सुरेख अर्थ सांगतो आणि बोलणी खातो. तिथे वाचायचं नव्हतं, ऐकून समजायचं होतं, आणि त्यात तो वर्गाच्या पुढे होता. त्या प्रसंगात एक उपाय दडला होता. सिनेमानं त्याचा फक्त अन्याय केला आणि पुढे गेला.

ऐकणारी यंत्रं

तो उपाय म्हणजे कान. डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी सगळ्यात उपयोगी तंत्रज्ञान अगदी साधं आहे: मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं यंत्र. नेदरलँड्समध्ये डेडिकॉन ही संस्था पाठ्यपुस्तकं बोलक्या रूपात पुरवते, आणि शाळेच्या शेवटच्या केंद्रीय परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या मुलाला अर्धा तास जादा मिळतो आणि प्रश्नपत्रिका ऐकताही येते. यानं वाचन सुधारत नाही, हे आईबापांना स्पष्ट सांगायला हवं. यंत्र म्हणजे चष्मा नाही, आणि उपचाराला पर्यायही नाही. पण इतिहासाचा धडा कळण्यासाठी वाचनाचा वेग येईपर्यंत थांबायची गरज उरत नाही.

मराठीत यातलं काय आहे? आज फोन मराठी मजकूर वाचून दाखवतो. पण 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे च, किंवा थोडं या अर्थाचा 'जरा' आणि म्हातारपणाची 'जरा', लिहिताना सारखेच दिसतात. आपण अर्थावरून ओळखतो, यंत्र गडबडतं. जे मूल ध्वनीवरच अडखळतंय, त्याला चुकीचा ध्वनी ऐकवणं ही थट्टाच झाली. चाचणीच्या बाबतीत मात्र चांगली बातमी आहे. 'डाली' ही भारतीय भाषांसाठीची डिस्लेक्सियाची चाचणी २०१५मध्ये आली आणि सुरुवातीच्या भाषांत मराठी होती. म्हणजे मराठी वाचणाऱ्या मुलाला मराठीतच तपासता येतं. उइटहॉर्नच्या नगरपालिकेकडून ती अपेक्षा करता येणार नाही. पण रविवारच्या मराठी शाळांनी अशी चाचणी असते एवढं तरी माहीत करून घ्यावं.

आणि त्या शाळांकडे माझं एक मागणं आहे. 'अ अननसाचा' गिरवता आलं नाही म्हणून मूल मागच्या बाकावर जातं आणि महिन्याभरात यायचं बंद होतं. त्याला वाचायला लावायच्या आधी ऐकवा. गोष्टीची पुस्तकं कुणीतरी नीट मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करा; परदेशात हौशी आवाजांचा तुटवडा नाही. मूल पुस्तक समोर ठेवून, बोट फिरवत ऐकू दे. लिहिता आलं नाही तर बोलून उत्तर देऊ दे. निकुंभ सरांनी मुख्याध्यापकांकडे नेमकं हेच मागितलं होतं. आपल्याला तर मुख्याध्यापकही आडवे येणार नाहीत, शाळा आपलीच आहे.

बक्षीस कशाचं

सिनेमाचा शेवट चित्रकला स्पर्धेत होतो आणि ईशान पहिला येतो. सगळे रडतात, मीही रडले. पण ज्या मुलाला चित्र काढता येत नाही त्याचं काय? आमच्या या मुलाला येत नाही. सिनेमा संपल्यावर आजीनं दुसऱ्याच दिवशी रंगपेटी आणली, नातवातला कलाकार शोधायला! त्यानं दोन दिवस मन राखलं, मग पेटी कपाटात गेली. वाचता न येण्याची भरपाई म्हणून प्रत्येक मुलात काहीतरी अलौकिक असायलाच हवं, ही नवी सक्ती त्या शेवटानं तयार केली. साधं, सामान्य, हळू वाचणारं मूलही मदतीला पात्र असतं.

माझ्यासाठी सिनेमाचा खरा शेवट त्याच्या थोडा आधी येतो. वडील निकुंभांना भेटून निघतात आणि त्यांना ईशान दिसतो, सूचना फलकासमोर उभा, एकेक अक्षर लावत वाचणारा. टाळ्या नाहीत, बक्षीस नाही. वडील बघतात आणि काही न बोलता निघून जातात. तिथे अक्षरं नाचत नाहीत, जागेवर बसलेली असतात आणि मुलगा त्यांना एकेक करून उठवतो.

मैत्रिणीच्या घरी आता पुन्हा मराठी बोलतात. उपचार डचमध्ये चालू आहेत आणि वाचन गोगलगायीच्या गतीनं पण पुढे सरकतंय. आजी सांगलीला परत गेली. ती पूर्वी व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर पाठवायची, जो नातू कधीच वाचायचा नाही आणि तिला वाटायचं पोराला माया नाही. आता ती तोच मजकूर लिहिते, आणि खाली स्वतःच्या आवाजात वाचून पाठवते. नातू पहिल्यांदा नुसता ऐकतो, मग ऐकत ऐकत ओळीवर बोट फिरवतो. परवा त्यानं उत्तर लिहून पाठवलं, एकच शब्द: 'हो'. त्याला किती वेळ लागला, ते आजीनं विचारलं नाही.